चकवेसाहेबांचं दार

परीक्षा मंडळाच्या दुसऱ्या मजल्यावर तीन टेबलं आहेत. पहिल्या टेबलावर प्रश्न तयार होतो, दुसऱ्यावर त्याचं बरोबर उत्तर लिहिलं जातं आणि तिसऱ्यावर तीन चुकीची उत्तरं. चारही मग एकत्र करून (अ), (ब), (क), (ड) असे पर्याय छापले जातात आणि हजारो मुलं त्यांच्याकडे बघत पेन चावत बसतात. चुकीच्या उत्तरांना कचेरीत ‘चकवे’ म्हणतात. आणि तिसऱ्या टेबलावर बावीस वर्षं बसून ते लिहिणाऱ्या गृहस्थांना सगळे चकवेसाहेब म्हणतात. खरं नाव पगारपत्रकावर असेल, पण ते विचारायची वेळ कोणावर आलेली नाही.

चकवेसाहेबांना आपल्या कामाचा अभिमान होता, आणि तो त्यांनी कधी लपवला नाही. “बरोबर उत्तर काय, पुस्तकात असतंच,” ते म्हणायचे. “चुकीचं उत्तर कुठल्याच पुस्तकात नसतं. ते डोक्यातून काढावं लागतं. आणि ढ मुलाला फसवण्यात काय मोठेपणा? हुशार मुलगा थबकला पाहिजे.” ‘वरीलपैकी नाही’ हा पर्याय त्यांनी आयुष्यात लिहिला नव्हता. तो आळशी माणसांचा धंदा, असं त्यांचं स्पष्ट मत होतं.

आता बावीस वर्षं एकाच दिशेने बैल हाकला की तो वेगळ्या वाटेला वळायचा नाही. तसं साहेबांच्या डोक्याचं झालं होतं. प्रश्न कानावर पडायचा अवकाश, की पटकन तीन उत्तरं तयार. तिन्ही घोटीव, तिन्ही पटण्यासारखी आणि तिन्ही चुकीची. पण संसाराचं काही बिघडलं नव्हतं, कारण घरात बरोबर उत्तराचं टेबल बायकोकडे होतं. साहेब तीन उपाय सांगायचे, ती ऐकून घ्यायची आणि चौथंच काहीतरी करायची.

आणि नेमकी तीच घरात नव्हती. साहेबांच्या थोरल्या बहिणीचं, आक्कांचं, खुब्याचं हाड मोडलं होतं. परीक्षेच्या हंगामात मंडळात रजा बंद, म्हणून दवाखान्यात आक्कांजवळ राहायला बायकोच गेली होती. सोमवारी सकाळी तिचा फोन आला.

“रविवारी सोडतायत. आक्कांना घेऊन थेट आपल्याकडेच येते. आता वॉकर घेऊन चालतात हळूहळू. तेवढं बाथरूमच्या दाराचं बघा. खालून घासतं ते, त्यांना ढकलायला जमायचं नाही.”

“मग काय करायचं?” साहेब म्हणाले. “माझ्या मते तीन शक्यता आहेत. एक तर—”

“अहो, मला इथे डोकं वर काढायला वेळ नाही. एवढं एक तुम्हीच ठरवा.”

मग फोन आक्कांनी घेतला. आई गेली तेव्हा साहेब सहा वर्षांचे होते. त्यांना न्हाऊमाखू घालण्यापासून नोकरीला लावण्यापर्यंत सगळं आक्कांनी केलं होतं, आणि त्या बदल्यात कधी कोणाकडून पेलाभर पाणीसुद्धा मागून घेतलं नव्हतं. दोन जिने चढून जायच्या घरात त्या एकट्या राहायच्या.

“येते मी, बाळ,” आक्का म्हणाल्या. “पण पहिल्याच दिवशी बाथरूममधून कोणाला हाक मारायची वेळ आली ना, तर दुसऱ्या दिवशी मी माझ्या घरी. आधीच सांगून ठेवते.”

आक्कांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्या घरी गेल्या तर पुन्हा एकट्या, आणि पुन्हा ते दोन जिने. म्हणजे आपल्या बहिणीचं उरलेलं आयुष्य एका दारावर लटकलंय, आणि ते दार आपण ठरवायचंय! त्यांनी कागद घेतला आणि वर लिहिलं, ‘आक्कांसाठी बाथरूमचं दार कसं असावं?’ खाली झरझर तीन पर्याय आले. (अ) बाहेर उघडणारं. (ब) रुळावर सरकणारं. (क) घडीचं. चौथी जागा रिकामी राहिली. तिच्याकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं, पण बायको नसताना तिथे काही उमटायची सवयच नव्हती.

मंगळवारी सुतार आला. अबोल माणूस. त्याने दार दोनदा उघडलं, दोनदा लावलं, खिशातून पेचकस काढला आणि साहेब “चहा घेणार का?” विचारेपर्यंत दार बिजागऱ्यांवरून उतरवून खांद्यावर घेतलं.

“अहो, हे काय?” साहेब किंचाळलेच.

“नमुना,” सुतार म्हणाला. “कसलं करायचं ते ठरलं की कळवा.” आणि तो जिना उतरला.

साहेब आ वासून भगदाडाकडे बघत राहिले. आत आरसा होता, आणि त्या आरशात बैठकीच्या खोलीतला सोफा स्पष्ट दिसत होता. म्हणजे सोफ्यावरूनही आतलं तितकंच स्पष्ट दिसत असणार. कॉलेजमधून आलेल्या लेकीने ते पाहिलं, बादली उचलली, त्यात साबण आणि टॉवेल टाकला आणि समोरच्या वहिनींकडे आंघोळीला निघून गेली. चकवेसाहेबांनी चादर टांगली. वाऱ्यावर चादरीचा भरवसा नसल्यामुळे आत असताना ते मोठमोठ्याने पाढे म्हणू लागले. एकोणतीसच्या पाढ्याला वरच्या मजल्यावरून कोणीतरी “चुकलं!” असं ओरडलं, तेव्हा मात्र त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वरून ओरडणारे म्हणजे निवृत्त इंजिनिअर. आयुष्यभर पूल बांधलेला माणूस. पाढा दुरुस्त केल्यावर त्यांना चैन पडेना, म्हणून ते टेप घेऊन खालीच आले. त्यांनी भिंतीची जाडी मोजली, फरशीचा उतार मोजला, छताची उंची मोजली आणि गंभीरपणे मान हलवली. “दार ही साधी गोष्ट नाही,” ते म्हणाले. “दार म्हणजे हलता भार.” समोरच्या वहिनी लेकीचा टॉवेल परत द्यायला आल्या होत्या, त्याही थांबल्या. त्यांचं म्हणणं, दार कसलंही चालेल, पण आधी सोसायटीची परवानगी घ्या, नाहीतर सेक्रेटरी शनिवारी काम थांबवतील. त्यांच्या खिडकीच्या जाळीचं तसंच झालं होतं.

म्हणून बुधवारी साहेब सेक्रेटरींकडे गेले. सेक्रेटरींनी ‘सदनिकेतील अंतर्गत काम’ असा छापील अर्ज पुढे केला. कामाचा प्रकार: (अ) दुरुस्ती (ब) देखभाल (क) बदल (ड) सुधारणा. साहेबांनी क्षणभरही न अडखळता (ड) वर खूण केली. बहिणीसाठी चांगलं दार बसवायचं, म्हणजे सुधारणाच की! सेक्रेटरींनी अर्ज पाहिला आणि त्यांचा चेहरा पडला.

“साहेब, सुधारणेला सर्वसाधारण सभा लागते.”

“बाथरूमच्या दाराला? हा अर्ज कोणत्या गाढवाने तयार केलाय?”

सेक्रेटरींनी अर्ज उलटा केला. मागे अकरा वर्षांपूर्वीची तारीख होती आणि ‘मसुदा’ या शब्दापुढे खुद्द चकवेसाहेबांची सही होती. सोसायटी नवी होती, तेव्हा त्यांनी हौसेने करून दिलेलं काम. सही आपलीच आहे हे पटायला त्यांना चष्मा दोनदा पुसावा लागला.

“बरोबर पर्याय कोणता होता?” त्यांनी खोल आवाजात विचारलं.

“देखभाल. अकरा वर्षांत फक्त दोघांना बरोबर आलंय,” सेक्रेटरी हळहळून म्हणाले. “एकदा खूण झाली की खोडता येत नाही, तसं खाली लिहिलंय. तेही तुम्हीच लिहिलंय.”

दुसरा कोणी असता तर चिडला असता. साहेबांना आधी धक्का बसला, मग घाम फुटला आणि शेवटी, खोटं कशाला सांगा, थोडं बरंही वाटलं. हुशार माणूस थबकला नव्हता, सरळ पडला होता! सेक्रेटरींनीच मग तोड काढली. सभा बोलवायची तर पंधरा दिवस लागतील, त्यापेक्षा सोळा बिऱ्हाडांपैकी निम्म्याहून जास्त जणांची लेखी पसंती आणा. कोणतं दार, ते त्यांनी लिहून दिलं की झालं.

लेखी पसंती म्हणजे प्रश्नपत्रिका. हे तर घरचंच कार्य! गुरुवारी कचेरीत साहेबांनी सगळी कामं बाजूला ठेवून दाराचा प्रश्न नीट लिहून काढला. प्रत्येक पर्यायापुढे एकेक आकर्षक ओळ घातली. (क) ला वजन कमी पडतंय असं वाटलं, म्हणून त्याच्यापुढे लिहिलं, ‘जागा वाचते, एका बोटाने उघडतं, वृद्धांना विशेष सोयीचं.’ घडीचं दार त्यांनी आयुष्यात जवळून पाहिलं नव्हतं. पण चकवा म्हटला की ओळीला वजन हवं, आणि हाताला वळण होतं. मग तो कागद त्यांनी दुसऱ्या टेबलावर नेला. तिथे बसणाऱ्या बाईंना सगळे उत्तरबाई म्हणतात. अठरा वर्षांत त्यांचं एकही उत्तर चुकलेलं नाही, त्यामुळे त्यांच्याशी गप्पा मारायला सहसा कोणी जात नाही.

उत्तरबाईंनी कागद वाचला. मग पुन्हा वाचला.

“यात बरोबर उत्तर नाही,” त्या म्हणाल्या.

“असं कसं? तिन्ही एकाहून एक आहेत.”

“एकाहून एक आहेतच, तुम्ही लिहिलेत ना. पण प्रश्न कोणी काढला?”

“मीच.”

“तरीच. साहेब, प्रश्न दाराचा आहे की आक्कांचा? तुम्ही दारापासून सुरुवात केलीत. माणूस चुकीच्या प्रश्नापाशी बसला की उत्तरं भराभर सुचतात. त्यातच तो रमतो.”

साहेबांना हे फार लागलं. बावीस वर्षांच्या नोकरीत आपल्या पर्यायांना कोणी असं तोंडावर नाकारलं नव्हतं. ‘स्वतःच्या टेबलाच्या पलीकडे या बाईंनी कधी पाहिलंय का?’ असं मनात म्हणत ते परतले, आणि सोळा प्रती काढून संध्याकाळी घरोघरी वाटून आले. ‘प्रश्न आक्कांचा आहे’ हे वाक्य जिन्यात दोनदा मनात आलं होतं. दोन्ही वेळा कोणीतरी दार उघडलं आणि ते डोक्यातून निसटलं.

शुक्रवारी निकाल लागला. सोळापैकी तेरा मतं घडीच्या दाराला! साहेब मटकन खुर्चीत बसले. भरतीचा म्हणून घातलेला पर्याय, आणि सबंध इमारत त्याच्यावर लट्टू? इंजिनिअरांनी दोन पानांचं टिपण जोडलं होतं आणि घडीच्या दाराचा हलता भार विभागला जातो असं आकृतीसह दाखवलं होतं. समोरच्या वहिनींनी लिहिलं होतं, ‘माझ्या जाऊबाईंकडे आहे. खरंच एका बोटाने उघडतं.’ जाऊबाईंना बाथरूमच काय, स्वतःचं घरही नव्हतं, हे नंतर कळलं. तळमजल्यावरच्या आजोबांनी तर ‘वृद्धांना विशेष सोयीचं’ या शब्दांखाली लाल रेघ मारून ‘स्वानुभव’ असं लिहिलं होतं.

साहेबांनी तेरा कागद एकापाठोपाठ एक वाचले. पहिल्या कागदाला त्यांना हसू आलं. चौथ्याला ते विचारात पडले. नवव्यापर्यंत त्यांचं मन द्रवलं, आणि तेरावा संपला तेव्हा घडीच्या दाराइतकी गुणी वस्तू माणसाने अजून घडवलेली नाही, अशी त्यांची खात्री झाली होती.

“बाबा, एका बोटाने उघडतं हे तुम्ही कुठे वाचलंत?” लेकीने विचारलं.

“सगळेच म्हणतायत,” साहेब म्हणाले. आणि ते अगदी मनापासून म्हणाले, हे महत्त्वाचं आहे. आपल्याच तोंडचं वाक्य गावभर फिरून आलं की ते दुसऱ्याचं वाटायला लागतं. शहाणी शहाणी माणसं अशी फसतात. साहेब तर त्या शास्त्रातले पंडित होते, त्यामुळे ते मुळासकट फसले.

शनिवारी सुताराने घडीचं दार आणून बसवलं. ते एका बोटाने उघडत नव्हतं. दोन्ही हात लावून, मधल्या सांध्यावर ढोपर टेकवून रेटलं की उघडायचं. “रुळेल,” सुतार म्हणाला. साहेबांनी दार रुळावं म्हणून दिवसभरात साठ-सत्तर वेळा उघडझाप केली आणि संध्याकाळपर्यंत ते दोन हातांत, ढोपराशिवाय उघडू लागलं.

रविवारी दुपारी गाडी आली. आक्का उतरल्या त्या वाळलेल्या, निम्म्या झालेल्या. पण मान ताठ. वॉकर पुढे टेकायचा, एक पाऊल, पुन्हा वॉकर. लिफ्टपासून घरापर्यंत त्यांनी कोणाला हात लावू दिला नाही. दाराला मत दिलेले सगळे स्वागताला जमले होते. जो तो आपलं दार बघायला आला होता.

“आधी हातपाय धुते,” आक्का म्हणाल्या आणि बाथरूमकडे निघाल्या. साहेबांनी पुढे धावत जाऊन दार घडी करून ठेवलं. आक्कांनी वॉकर पुढे टेकला. खट्ट! त्यांनी तो जरा डावीकडे घेतला. खट्ट! उजवीकडे घेतला. खट्ट!

वॉकर आत जाईना. घडीचं दार घडी होऊन नाहीसं होत नाही. ते चौकटीच्या एका बाजूला गठ्ठा होऊन उभं राहतं, आणि त्या गठ्ठ्याने पाच इंच खाल्ले होते. भिंत मोजली होती, उतार मोजला होता, छतसुद्धा मोजलं होतं. वॉकर कोणीच मोजला नव्हता. सात दिवस, सोळा बिऱ्हाडं, दोन पानी टिपण, आणि एकाच्याही डोक्यात हे येऊ नये? स्वतःच्या? प्रश्न आक्कांचा होता, हे आता साहेबांना उत्तरबाईंच्याच आवाजात ऐकू आलं, आणि लाजेने त्यांचे कान तापले.

“अहो,” बायकोने दबक्या आवाजात विचारलं, “जुनं दार कुठाय? ते खालून अर्धा इंच तासलं असतं की झालं होतं. वॉकर आरामात गेला असता.”

सुताराने जुन्या दाराच्या फळ्या केल्या होत्या. आत काय भरलंय ते कळायला नमुना कापावा लागतो, असं त्याचं म्हणणं होतं.

मागे गलका सुरू झाला. इंजिनिअर म्हणाले, वॉकर तिरपा घाला, पंचेचाळीस अंशात. वहिनी म्हणाल्या, वॉकर बाहेर ठेवून आत खुर्ची ठेवा. सेक्रेटरी म्हणाले, काहीही करा, पण ते देखभालीत बसवा. आक्का चौकटीत उभ्या होत्या. वॉकरवरची त्यांची बोटं पांढरी पडली होती आणि पाय थरथरत होते. त्यांनी मान वळवून फक्त भावाकडे पाहिलं.

“बाळ, मला फार वेळ उभं राहवत नाही रे.”

यावर चकवेसाहेबांना किती पर्याय सुचले? एकही नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदा डोकं कोरं पडलं. विचार केव्हा केला, ठरवलं केव्हा, हे त्यांना आजही सांगता येत नाही. आपले हात दार धरून ओढतायत, हे त्यांनी इतरांबरोबरच पाहिलं आणि इतरांइतकाच त्यांनाही धक्का बसला. पहिल्या हिसक्याला वरचे स्क्रू निघाले. दुसऱ्याला खालचे. तेरा मतांनी निवडून आलेलं दार साहेबांच्या अंगावर कोसळलं, ते त्यांनी छातीवर झेललं, आणि वॉकर टकटक करत आत गेला.

इंजिनिअरांनी टेप खिशात घातली.

“तमाशा संपला,” आतून आक्का म्हणाल्या. “आता घरोघरी जा.” सगळे गेले. लेक आणि बायको तेवढ्या राहिल्या.

आता दार नव्हतं आणि आक्का आत होत्या. साहेब भगदाडाकडे पाठ करून उभे राहिले आणि ते उखडलेलं दार दोन्ही हातांनी पाठीमागे धरून चौकट झाकली. दार जड होतं. खांदे भरून आले, कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला, पण पुसायला हात मोकळा नव्हता. आत पाणी सोडल्याचा आवाज आला. मग आवाज थांबला.

“बाळ,” आतून आक्कांचा आवाज आला, “साबण कुठाय रे?”

बायकोने तोंडावर हात ठेवला. लेक गोरीमोरी झाली. साबण मंगळवारपासून तिच्या बादलीत होता आणि बादली समोर वहिनींकडे. साहेबांच्या कानात एकच शब्द वाजला. हाक! पहिल्याच दिवशी, घरात पाऊल टाकून पाव तास झाला नाही तोच. सगळं केलं, आणि साबणापाशी हरलो! लेक पळत जाऊन साबण घेऊन आली. साहेबांनी दार पाठीने पेलून एक हात सोडवला आणि साबण कडेवरून मागे सरकवला, तेव्हा आतल्या ओल्या हाताचा स्पर्श त्यांच्या बोटांना झाला.

आक्का बाहेर आल्या. तोंड धुतलेलं, केस सारखे केलेले, चेहऱ्यावर थोडी तरतरी. साहेबांनी दार भिंतीला टेकवलं. आक्कांपासून त्यांनी कधी काही लपवलं नव्हतं, आणि आता लपवून उपयोगही नव्हता.

“आक्का,” ते म्हणाले, “तू हाक मारलीस.”

“मी? कोणाला?”

“मला. साबणासाठी.”

आक्कांनी भावाकडे पाहिलं. त्याचा भिजलेला सदरा, खांद्यावर उमटलेले दाराच्या कडेचे वळ, सगळं नीट पाहून घेतलं. मग वॉकर उचलून एक पाऊल पुढे टेकला.

“हाक माणसाला मारतात रे,” आक्का म्हणाल्या. “मी दाराला विचारलं, साबण कुठाय म्हणून. चल, माझी खोली कोणती ते दाखव.”